एका कॅबिनेटमध्ये किती संगणक?

उत्साही: माझं गणित सरळ आहे, दादा. घरात टेबल एक, इन्व्हर्टर एक आणि हातात ६०,००० रुपये. त्यात मला असा संगणक असेंबल करायचा आहे की दिवसा त्यावर माझं ऑफिसचं काम होईल, रात्री मी त्यावर लिनक्सचे सर्व्हर उभे करून शिकेन, आईबाबांचे फोटो आणि कागदपत्रं तिथेच राहतील आणि सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर सिनेमाही तोच दाखवेल. रायझन ५ ५६००जी किंवा कोअर आय५-१२४०० घेतला तर सहा कोअर आणि बारा थ्रेड मिळतात. ब्राउझर, एक्सेल आणि मीटिंग एवढ्यासाठी त्यातले फार थोडे जागे असतात, बाकीचे दिवसभर रिकामे. त्या रिकाम्यांना कामाला लावायचं साधन म्हणजे व्हर्च्युअलायझेशन. प्रत्येक कामाला वेगळी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, तिची वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. शिकताना मी एक व्हीएम पार उद्ध्वस्त केली तरी शेजारच्या व्हीएमला त्याचा पत्ताही लागणार नाही. चार यंत्रांचं काम एका यंत्राच्या पैशात होत असेल तर यात न पटण्यासारखं काय आहे?

साशंक: शेजारणीला पत्ता लागणार नाही, हे तेवढं पटत नाही. पण आधी या कल्पनेच्या इतिहासात मागे जाऊ. आयबीएमच्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात सीपी-४० आणि मग सीपी-६७ तयार झालं, १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आलं. तेव्हा यंत्र एक होतं, भयंकर महाग होतं आणि वापरणारे पुष्कळ होते. प्रत्येकाला आपल्यापुरतं अख्खं यंत्र मिळाल्यासारखं वाटावं, म्हणून ही सगळी खटपट. तुझ्या घरी परिस्थिती नेमकी उलटी आहे. प्रोसेसर स्वस्त आहे, तो रिकामा बसला तर तुझं काही बिघडत नाही. तुला टंचाई आहे ती रॅमची, चांगल्या डिस्कची, विजेची आणि तुझ्या स्वतःच्या वेळेची. ज्याची टंचाई नाही त्याची वाटणी करण्यासाठी तू ज्याची टंचाई आहे ते खर्च करायला निघाली आहेस. आणि व्हीएम कितीही वेगळ्या असल्या तरी खाली एसएमपीएस एक, मदरबोर्ड एक, डिस्क एक आणि रीस्टार्टचं बटण एकच. वाड्यात दहा बिऱ्हाडं असतात, प्रत्येकाचं दार वेगळं असतं, पण विहीर एकच असते. ती आटली की दहाही घरांची चूल थांबते.

उत्साही: विहिरीचं मान्य. पण मला शिकायचंय ते एका यंत्रावर शिकताच येत नाही, त्याचं काय? कुबरनेटीस शिकायचं तर एक नोड पडला की दुसरा काम कसं उचलतो हे पाहावं लागतं. म्हणजे किमान तीन नोड. ते बसवून देणारं कुबेॲडम प्रत्येक नोडला २ जीबी रॅम सांगतं आणि मुख्य नोडला दोन सीपीयू. विंडोज सर्व्हरची चाचणीची प्रत मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांसाठी देतं. त्यावर ॲक्टिव्ह डिरेक्टरी उभी केली की तिला जोडायला एक विंडोजचं क्लायंट यंत्र हवं. मध्ये फायरवॉल हवी. एवढी यंत्रं टेबलावर मांडायची तर मला झोपायला दुसऱ्याच्या घरी जावं लागेल. क्लाउडवर करता येतं हे मला ठाऊक आहे, ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून चालू आहे. पण तिथे मीटर फिरत असतं. एखादी रात्र बंद करायचं विसरलं की बिल येतं, आणि बिलाच्या धास्तीने माणूस प्रयोगांत हात आखडता घेतो. घरच्या यंत्रावर मी एखादा प्रयोग वीस वेळा मोडू शकते. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच यासाठी सोय दिली, केव्हीएम २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं, व्हीएम चालवणारं प्रॉक्समॉक्स २००८ पासून मोफत उपलब्ध आहे. जी गोष्ट मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये चालते, तिचाच गाभा मला घरात फुकट मिळतोय. तो सोडू?

साशंक: सोडू नकोस. शिकण्यासाठी हे साधन उत्तम आहे, त्यावर माझा वादच नाही. वाद आहे तो यादीत शिकण्याच्या शेजारी जे बसवलंयस त्याच्याशी. पण त्याआधी यादीचं डोकं बदल. तू प्रोसेसरपासून सुरुवात केलीस, सगळे तिथूनच करतात. व्हीएम वाट पाहत बसली असेल तेव्हा ती प्रोसेसर जवळजवळ मागत नाही. म्हणून सहा कोअरवर वीस व्हर्च्युअल सीपीयू वाटले तरी घरच्या वापरात चालून जातं. रॅमचं तसं नाही. व्हीएम झोपलेली असली तरी तिने धरलेली रॅम ती सहसा सोडत नाही. मांड हिशेब. होस्टला, म्हणजे खालच्या मूळ सिस्टिमला, २ जीबी. विंडोज सर्व्हरला ४. विंडोज ११ किमान ४ मागतं, पण ८ दिल्याशिवाय त्यावर काम करवत नाही. कुबरनेटीसचे तीन नोड मिळून ६. फोटोंच्या फाइल सर्व्हरला ४. तुझ्या रोजच्या डेस्कटॉपला ८. झाले ३२, आणि अजून फायरवॉलचं नाव घेतलेलं नाही. ५६००जीमधलं ग्राफिक्ससुद्धा याच रॅममधून आपला वाटा काढून घेतं.

उत्साही: सगळं एकाच वेळी चालू ठेवायचं कुठे म्हटलं मी? विंडोजचा अभ्यास असेल तेव्हा कुबरनेटीस बंद. शिवाय सारखी पानं एकदाच साठवणारं केएसएम आहे, व्हीएमकडून न वापरलेली रॅम परत मागून घेणारं बलूनिंग आहे. आणि प्रत्येक गोष्टीला व्हीएम कशाला? फाइल सर्व्हर, सिनेमाचा सर्व्हर ही साधी लिनक्सची कामं कंटेनरमध्ये टाकली की ती होस्टचाच कर्नल वापरतात, काहीशे एमबीत भागतं. म्हणून ३२ जीबी मला पुरतात. महत्त्वाचं म्हणजे मी चार स्लॉटचा बोर्ड घेणार, त्यात १६-१६च्या दोन पट्ट्या लावणार आणि दोन स्लॉट पुढच्यासाठी मोकळे ठेवणार.

साशंक: हे शहाणपणाचं. दोन स्लॉटच्या बोर्डात दीड-दोन हजार वाचतात आणि पुढे रॅम वाढवायची वेळ आली की जुन्या पट्ट्या काढून विकाव्या लागतात. पट्ट्या लावताना प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांचं मॅन्युअल तेच सांगतं. दुकानदार घाईत एकच ३२ची पट्टी देऊ करेल, ती घेऊ नकोस. एका पट्टीवर मेमरीची एकच वाट चालते आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला ते लगेच जाणवतं. पण रॅमच्या भावाचं काय करणार? २०२५च्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी खेचून घेतली आणि किरकोळ बाजारात भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. वर्षापूर्वीच्या यादीवरून आज बजेट आखणारा माणूस लॅमिंग्टन रोडवरच्या पहिल्याच दुकानात अडकतो. आज रॅम ठरव, तिच्या भावावरून डीडीआर४ की डीडीआर५ ते ठरव, त्यावरून बोर्ड, आणि उरलेल्या पैशात जो बसेल तो प्रोसेसर.

उत्साही: म्हणूनच डीडीआर४वर चालणारा एएमडीचा एएम४. डीडीआर५ लागणारा एएम५ माझ्या बजेटमध्ये आज बसत नाही. आय५-१२४००साठी डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, तोही चालेल, आणि त्याच्या आतलं व्हिडिओ रूपांतराचं क्विक सिंक सिनेमाच्या सर्व्हरला फार उपयोगाचं आहे. म्हणजे माझी यादी बदलली तरी मुद्दा तोच राहतो. एकच यंत्र, पण नीट निवडलेलं. आणि पुढे सवडीने एक ग्राफिक्स कार्ड घेतलं की ते पासथ्रूने थेट एका विंडोजच्या व्हीएमला देऊन टाकायचं. मग भावाला गेम खेळायलाही वेगळं यंत्र नको.

साशंक: बघ, ‘एकच यंत्र’ म्हटलं की कामं अशीच वाढत जातात. पासथ्रू हे खरं कसोटीचं काम आहे, आणि स्वस्त बोर्डावर त्याची खात्री खोक्यावर वाचून होत नाही. नुसतं व्हर्च्युअलायझेशन असून भागत नाही, उपकरण थेट व्हीएमच्या हवाली करू देणारं आयओएमएमयू लागतं. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणतं. २०११च्या आय७-२६००मध्ये ते होतं आणि जास्त पैसे मोजून घेतलेल्या २६००केमध्ये नव्हतं. महागडा प्रोसेसर घेणाऱ्यांनाच ती सोय मिळाली नाही. आज जवळजवळ सगळ्यांत ते असतं, पण अडचण पुढे सरकली आहे. कुठली उपकरणं एकमेकांपासून अलग करता येतात याचे गट असतात. बी५५०सारख्या बोर्डावर पहिला मोठा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला, म्हणून तो बहुधा वेगळा निघतो. चिपसेटमागचे बाकीचे स्लॉट, नेटवर्क, काही साटा पोर्ट मात्र पुष्कळदा एकाच गटात अडकलेले असतात. उद्या तू म्हणशील, डिस्कचा कंट्रोलर फाइल सर्व्हरला दे, आणि कळेल की त्याच्याबरोबर नेटवर्कही जातंय.

उत्साही: पण माझ्या रचनेत पहिल्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं आणि होस्टचा पडदा प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालतो. म्हणजे कार्ड व्हीएमला दिलं तरी होस्ट आंधळा होत नाही. एनव्हिडिया पूर्वी जीफोर्स कार्ड व्हीएममध्ये ओळखलं की चालूच देत नसे, ते धोरण २०२१ मध्ये सैल झालं. आणि या भानगडी सोडवणं हाच तर अभ्यास आहे! एएमडीच्या कित्येक बोर्डांवर बायोसमध्ये ‘एसव्हीएम मोड’ नावाची एक ओळ असते, सीपीयूच्या सेटिंगमध्ये दोन-तीन पानं आत लपलेली आणि कारखान्यातून येताना बंद. ती चालू करेपर्यंत व्हीएम सुरूच होत नाही, आणि संदेश असा येतो की नवख्या माणसाला वाटावं प्रोसेसरच सदोष आहे. ती ओळ जो स्वतः शोधतो त्याला प्रोसेसर, बोर्ड आणि सॉफ्टवेअर यांच्यातला करार कळतो. क्लाउडवर ही ओळ कधी दिसत नाही.

साशंक: ते शिकणं मला पटतं. पण ऐक: ही ओळ शोधायला तू यंत्र किती वेळा बंद-चालू करशील? त्या प्रत्येक वेळी आईचे फोटो बंद, बाबांचा सिनेमा बंद, तुझी ऑफिसची मीटिंग बंद. शिकण्याचं यंत्र वारंवार मोडलं पाहिजे, तरच ते शिकवतं. विसंबायचं यंत्र कुणाच्या लक्षात येऊ नये इतकं निमूट चाललं पाहिजे. हे दोन गुण एका कॅबिनेटमध्ये कसे नांदवणार, हा माझा प्रश्न आहे. कोअर किती हा नाही. आणि तू म्हणालीस की एका व्हीएमचं दुसरीला कळणार नाही. मी तुला उदाहरण देतो. १ टीबीची एसएसडी आहे, तिच्यावर थिन स्टोरेज केलंय. दहा व्हीएमना प्रत्येकी २०० जीबी दाखवले आहेत, कारण कुणी सगळे वापरत नाही. मग एका रात्री तुझ्या प्रयोगाच्या नोडवर लॉग बेसुमार लिहिले जातात आणि खालची जागा संपते. संपते ती सगळ्यांची. प्रत्येक व्हीएमला आतून वाटतं आपल्याकडे अजून दीडशे जीबी आहेत, आणि लिहायला गेलं की एरर. फोटोंच्या सर्व्हरने काही चूक केलेली नसते, तरी त्याची फाइल सिस्टिम बिघडू शकते. मी हे नोकरीत पाहिलंय, आणि तिथे निदान लक्ष ठेवायला माणूस होता.

उत्साही: मग दोन डिस्क. व्हीएमसाठी एनव्हीएमई एसएसडी, फोटोंसाठी वेगळी हार्ड डिस्क. प्रयोगाच्या व्हीएमना कोटा. जागा ऐंशी टक्के भरली की मला संदेश येईल असं लावून ठेवायचं. आणि काही बिघडलंच तर स्नॅपशॉट आहे, कालच्या स्थितीला परत जायला मिनिट लागतं. वेगळ्या यंत्रावर हे सुख आहे का?

साशंक: स्नॅपशॉट बहुधा त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. त्याला बॅकअप म्हणू नकोस. दोन डिस्क घे, चांगलंच आहे, पण डिस्क घेताना नुसते टीबी मोजू नकोस. स्वस्तातल्या क्यूएलसी एसएसडीवर पहिले काही जीबी वेगाने लिहिले जातात, कॅशे भरला की वेग कोसळतो, आणि पाच व्हीएम एकदम अपडेट व्हायला लागल्या की ते लगेच जाणवतं. हार्ड डिस्क एसएमआर प्रकारची निघाली तर झेडएफएसच्या आरशात, म्हणजे दोन डिस्कवर तीच माहिती ठेवलेली असताना, एक डिस्क बदलताना दुसरीवरून भरपाई व्हायला फार वेळ लागतो. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही, मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या पानावर पाहावं लागतं. आणि विजेचा हिशेब? यंत्र सतत ४० वॅट घेत असेल तर वर्षाला ३५० युनिटं होतात. युनिटला १० रुपये धरले तर ३,५०० रुपये, पाच वर्षांत १७,५००. म्हणजे यंत्राच्या किमतीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त. महावितरणचे दर टप्प्यांनी चढतात. ज्या घराचं महिन्याचं बिल जेमतेम शंभर युनिटांच्या आत असतं, तिथे या यंत्राची महिन्याची तीसेक युनिटं नेमकी वरच्या टप्प्यात जाऊन बसतात.

(इथे दोघांना थांबवून लेखकाने एक सांगितलं पाहिजे. यंत्र रिकामं चालताना किती वीज घेतं, हे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं. प्रोसेसरवरचे ६५ वॅट हे त्याला थंड ठेवण्याच्या हिशेबासाठी असतात, एसएमपीएसवरचे ५५० ही त्याच्या पुरवठ्याची कमाल मर्यादा. दोन्हींवरून बिलाचा अंदाज येत नाही. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचं साधं वॅट मीटर आठवडाभर लावून जो आकडा येईल, त्यावरच बोलावं. आणि त्याच सॉकेटचं अर्थिंग आधी तपासून घ्यावं. आपल्याकडच्या जुन्या घरांत तिसरं भोक असतं, त्याच्यामागे पुष्कळदा तार नसते. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. सतत चालणारं यंत्र अशा सॉकेटवर ठेवू नये, हे मला प्रोसेसरच्या निवडीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.)

उत्साही: विजेचा मुद्दा माझ्या बाजूचा आहे. दोन-तीन यंत्रं ठेवली तर प्रत्येकाचा एसएमपीएस, प्रत्येकाची रिकामी भूक. एकत्र केल्यावरच वीज वाचते, मोठ्या डेटा सेंटरांनी व्हर्च्युअलायझेशन उचललं त्यात हेही कारण होतंच की!

साशंक: तीन असेंबल केलेली यंत्रं धरलीस तर. पण ऑफिसांतून निघालेले छोटे संगणक बघ. लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी. पुस्तकाएवढा डबा, लॅपटॉपसारखा अडॅप्टर. आय५-८५००टी असलेला घेतला तरी सहा कोअर मिळतात, आणि रिकामा चालताना १२ वॅट धरले तर वर्षाला १०५ युनिटं. रिफर्बिश्ड घ्यायचा, दुकानाची वॉरंटी लेखी घ्यायची, एसएसडी नवी टाकायची. त्यावर फोटो आणि फाइली ठेव, बाकी काही नाही. त्याला हात लावायचा नाही. मग उरलेल्या पैशात तुझं मोडायचं यंत्र कर आणि रोज मोड. मोडायचं यंत्र २४ तास चालू ठेवायची गरजच नाही, मग त्याच्या ४० वॅटचा प्रश्नही सुटला.

उत्साही: सुटला तसा नवा उभाही राहिला. त्या डब्यात रॅमचे दोन स्लॉट, बहुतेकदा एकच एम.२, फार तर एक अडीच इंची डिस्क. फोटोंचा आरसा करायचा तर बाहेरून यूएसबीला डिस्क लटकवायची, तुम्हीच त्याला नावं ठेवाल. आणि माझ्या ६०,०००मधले त्याचे पैसे गेले की दुसऱ्या यंत्रात ३२ जीबी बसणार नाहीत. तुमची सूचना तत्त्वात बरोबर आहे, बजेट मात्र दुप्पट असलेल्या माणसाची आहे.

साशंक: दुप्पट नाही. तुझ्या यादीतून भावाचं ग्राफिक्स कार्ड काढ, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट मनात असेल तर तेही काढ. आणि खरं सांगायचं तर प्रयोगाचं यंत्र सुरुवातीला विकत घ्यायचीसुद्धा गरज नाही. तुझ्या लॅपटॉपवर विंडोज प्रो असेल तर हायपर-व्ही आतच आहे. होम असेल तर डब्ल्यूएसएल२ आणि व्हर्च्युअलबॉक्स. १६ जीबीत तीन छोटे नोड आरामात चालतात. सहा महिने त्यावर कर. नेमकं काय अपुरं पडतं ते कळेल, आणि मग त्याच गोष्टीसाठी पैसे घाल.

उत्साही: सहा महिन्यांनी रॅम आणखी महाग झालेली असेल तर?

साशंक: किंवा स्वस्त. भावाचं भाकीत करून बजेट आखू नये. पण तू मूळ प्रश्न टाळते आहेस.

उत्साही: टाळत नाही, त्याच्याकडेच येते. तुम्ही म्हणता मोडायचं आणि विसंबायचं वेगळं ठेव. मी विचारते, ज्यावर कुणीच विसंबून नाही असं यंत्र मोडून मी काय शिकेन? प्रयोगाचा नोड पडला तर मी पुसून नवा करते, पाच मिनिटं. त्यातून मला बॅकअप घ्यायची शिस्त लागत नाही, अपडेटच्या आधी विचार करायची सवय लागत नाही. ती लागते जेव्हा आई संध्याकाळी विचारते, “अगं, सहलीचे फोटो दिसत नाहीयेत.” नोकरीत मला जे करायचंय ते हेच आहे: चालत्या गोष्टीला न थांबवता तिच्यात बदल करणं. त्याचा सराव रिकाम्या प्रयोगशाळेत होत नाही.

साशंक: हे तू आज बोललीस त्यातलं सर्वांत वजनदार बोललीस, आणि त्याच्याशी मी पूर्ण भांडू शकत नाही. मीही असाच शिकलो, लोकांच्या चालत्या सर्व्हरवर. पण तिथे लोकांना ठाऊक होतं की एक विभाग आहे, चुका होतात, तक्रार कुठे करायची. तुझ्या आईला काय ठाऊक आहे? फोनमधली जागा भरली म्हणून तिने मूळ फोटो काढून टाकले, कारण तू म्हणालीस की ते आता सर्व्हरवर आहेत. तुझ्या शिकण्याची किंमत ती मोजते आणि तिला ते कुणी विचारलेलं नाही. दुसरं, उद्या तू पुण्याला नोकरीला गेलीस की मग काय? वीज गेली, इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नव्हता म्हणून यंत्र रीस्टार्ट झालं, एक व्हीएम आपोआप उठली नाही. घरच्या इंटरनेटला बाहेरून थेट पत्ता नसतो, बहुतेक कंपन्या सगळ्यांना एकाच आयपीमागे ठेवतात. बाहेरून घरच्या यंत्रापर्यंत पोचायला तू वायरगार्डचा बोगदा कुठल्या तरी व्हीएममधूनच काढलेला असणार, आणि नेमकी तीच उठलेली नाही. आता बाबांना फोनवर काय सांगशील? काळ्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा म्हणशील?

उत्साही: सांगायची वेळ येऊ नये म्हणून बोगदा राउटरवर काढेन, आणि कॅबिनेटला एक कागद चिकटवेन. बंद कसं करायचं, चालू कसं करायचं, किती वेळ थांबायचं, मराठीत. बाबा गिरणीत यंत्रं चालवत होते, क्रम पाळायची सवय त्यांना माझ्यापेक्षा जास्त आहे. आणि तुमच्या त्या हात न लावायच्या डब्यालाही हा कागद लागेलच. तोही बंद पडेल, त्याचीही एसएसडी जाईल. वेगळं ठेवलं म्हणून ते भरवशाचं होतं असं नाही. कित्येकदा वेगळं ठेवलेलं यंत्र विसरलं जातं, दोन-दोन वर्षं अपडेट होत नाही, आणि एक दिवस कळतं की बॅकअप कधीचाच थांबलाय. रोजच्या वापरातलं यंत्र निदान डोळ्यासमोर तरी असतं.

साशंक: विसरलं जातं हे खरं. पण डोळ्यासमोर असलेल्या यंत्राला हातही सारखा लागतो. तेव्हा निदान एवढं कर: मूळ फोटो एका यूएसबी डिस्कवर, दर महिन्याला जोडून, काढून, कपाटात. त्यावर तुझी कुठलीही व्हीएम पोचत नाही.

उत्साही: ते करेन, कुठलीही रचना केली तरी करेन. तिथे वाद नाही. वाद इथे आहे की चालतं घर कुठे ठेवायचं. होस्टवर थेट काही बसवलं की ते त्या बोर्डाला, त्या ड्रायव्हरला, त्या डिस्कला चिकटतं. तुमच्या छोट्या डब्यावर लिनक्स घालून फोटोंचा सर्व्हर थेट बसवला आणि डबा मेला, तर मला पहिल्यापासून सगळं उभारावं लागेल, आणि तेव्हा मी पुण्यात असेन. तोच सर्व्हर व्हीएममध्ये असला तर ती एक फाइल आहे. बॅकअपमधून ती कुठल्याही यंत्रावर आणून चालू करता येते, प्रोसेसर इंटेलचा असो की एएमडीचा, फारसा फरक पडत नाही. व्हीएमवेअरचं मोफत ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा घरोघरी ते वापरणाऱ्यांवर अचानक जागा बदलायची वेळ आली, आणि कित्येकांनी आपल्या व्हीएम उचलून प्रॉक्समॉक्सवर नेल्या. २०२५ मध्ये ते मोफत परत आलं, पण लोकांना तोवर कळलं होतं की उचलता येणं हाच भरवसा. तुम्ही ज्याला विसंबायचं यंत्र म्हणता, त्यावर विसंबता येण्याचं कारण ते न मोडणं हे नाही. ते मोडल्यावर दुसरीकडे किती लवकर उभं राहतं, हे आहे. आणि ते मला फक्त व्हर्च्युअलायझेशन देतं.

साशंक: हे मान्य केलं तर माझा छोटा डबासुद्धा प्रॉक्समॉक्सवर चालवावा लागेल.

उत्साही: हो. मी तेच म्हणतेय.

साशंक: चालवू. पण मग तुझी एकाच यंत्राची योजना तुझ्याच युक्तिवादाने अपुरी पडते. उचलून दुसरीकडे ठेवायचं म्हणजे दुसरीकडे काहीतरी आधीच असलं पाहिजे, तेवढी रॅम मोकळी असलेलं, आणि त्यावर ती फाइल एकदा तरी चालवून पाहिलेली. ६०,०००मध्ये तू एक मोठं यंत्र घेणार की दोन मध्यम?

उत्साही: एक मोठं घेतलं तर मला सगळं शिकता येतं, पण त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं करून पाहता येत नाही. दोन मध्यम घेतली तर ते करून पाहता येतं, पण दोन्हीकडे रॅम इतकी तोकडी की एक पडल्यावर दुसऱ्याला सगळा भार पेलणार नाही.

साशंक: मग आधी हे ठरव की एक पडल्यावर दुसऱ्याने काय काय पेललंच पाहिजे. सगळं नाही, नेमकं काय. ते लिहून काढ. यादी त्यानंतर करू.

उत्साही: फोटो आणि कागदपत्रं. बाकी काहीच नाही.

साशंक: त्याला ४ जीबी पुरतात. मग दुसरं यंत्र एवढं स्वस्त पडतं की तुझं बजेटचं कारण उरत नाही.

उत्साही: उरतं. कारण आईला विचारलं तर ती सिनेमाही म्हणेल.